सुपडूनाना आणि लाडीचे चार पाय

सुपडूनाना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी पायांकडे बघतात. तुम्ही त्यांच्या फाटकातून आत शिरलात की त्यांची नजर तुमच्या चपलांवर असते, आणि तुम्ही "काय नाना, बरं आहे ना?" असं विचारेपर्यंत तुमच्या टाचेचा, गुडघ्याचा आणि कमरेचा निकाल लागलेला असतो. मग ते सावकाश मान वर करतात आणि तुम्ही कोण आहात ते बघतात.

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत ते राहायला आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी चहाचा थर्मास घेऊन गेले. कोपऱ्यावरचं घर त्यांच्या मुलाने बांधलेलं. मुलगा पुण्याला. घरात नाना, आणि बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडखाली त्यांची घोडी. मी फाटक उघडलं, दहा-बारा पावलं चालले, थर्मास कट्ट्यावर ठेवला. नाना म्हणाले, "अक्का, तुन्हा उजवा मागला पाय दुखी ऱ्हायना."

मी म्हटलं, "नाना, मला दोनच पाय आहेत."

नानांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "मंग दोन्हीबी मागलाच शेतस."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला पहिल्याच भेटीत कोणी असं बोललं तर तिने थर्मास उचलून परत यावं. पण गुडघा खरोखरच उजवा होता, आणि ती गोष्ट मी घरातसुद्धा कोणाला सांगितली नव्हती. शिवाय माझं माहेर धुळ्याचं हे कळताच नानांचा चेहरा असा फुलला, जणू आम्ही एकाच आडाचं पाणी प्यायलो आहोत. त्यांचं गाव शिंदखेड्याकडचं. त्या क्षणापासून मी त्यांची बहीण झाले, आणि बहिणीला आमच्याकडे कोणी 'तुम्ही' म्हणत नाही.

सुपडू हे नावही तिकडचंच. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून हे जन्मल्यावर त्यांना सुपात घालून ओवाळून काढलं, म्हणून सुपडू. "जगानी खटपट तवापासूनच सुरू शे," असं ते म्हणतात.

घोडीचं नाव लाडी. आमच्याकडे नवरीला लाडी म्हणतात. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि नजर अशी की आपणच काहीतरी चुकलो असं समोरच्याला वाटावं. नाना रोज सकाळी तिच्यावर बसून गिरणा नदीच्या अंगाला कच्च्या रस्त्याने फेरी मारून येत. पण बसण्याआधीचा जो सोहळा असे तो बघायला मी मुद्दाम गॅलरीत तांदूळ निवडत बसे.

आधी ते चारही पायांवरून हात फिरवत. तळहात नाही, हाताची मागची बाजू, आईने तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग एकेक खूर उचलून लोखंडी आकडीने त्यातली माती काढत आणि खुराचा वास घेत. हो, वास. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तांदळातले खडे तांदळातच राहिले. मग तिचा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची, दाबलेल्या जागी गुलाबी रंग परत येतो का बघायचं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. शेवटी पोटाला कान लावून उभं राहायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, जुन्या काळी लोक रेडिओवर बातम्या ऐकत तसे डोळे मिटून.

"काय म्हणतंय पोट?" मी वरून विचारायची.

"गडगडी ऱ्हायनं. बेस शे."

एवढं झाल्यावर तिला डांबरी रस्त्यावर थोडी चालवून टापांचा आवाज ऐकायचा. चारही सारख्या वाजल्या तर खोगीर चढायचं. एखादी जरा हलकी वाजली की फेरी रद्द, आणि नाना स्वतः पायी तिच्याबरोबर फिरून येत. कारण विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "तोंड खोटं बोलस, पाय नही."

हे वाक्य ते माणसांनाही लावत, हीच अडचण होती. महाजनांच्या शोभाला त्यांनी भर हळदीकुंकवाच्या दिवशी रस्त्यात थांबवून सांगितलं, की तुझ्या डाव्या टाचेला नाल बसत नाही. शोभा दोन दिवस माझ्याकडे रडत होती. मग तिने चपला बदलल्या आणि टाच दुखायची थांबली, म्हणून ती आणखी चिडली.

लग्नासाठी घोडी मागायला येणाऱ्यांचं तर विचारू नका. वानखेडे सर शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मोठ्या आशेने नानांकडे गेले. नानांनी मुलालाच बोलावून घेतलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. पोरगा चांगला पोसलेला होता. नानांनी काट्याकडे पाहिलं, लाडीच्या पाठीकडे पाहिलं, आणि वानखेडे सरांना अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, पोरगं गुणी शे. त्याले जीपमा बसाडा." वर डीजेच्या दणक्यात डांबरावर घोडी नाचवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वरात जीपमधूनच निघाली.

त्या लग्नावरून माझ्या लग्नाचा विषय निघाला, आणि माझी शोभा झाली.

त्याचं असं आहे, की तरुणपणी मी फार शहाणी होते. धुळ्यात आग्रा रोडवरून उंच टाचांच्या चपला घालून चालायची, तेव्हा वाटायचं सगळा रस्ता माझ्याकडे बघतोय. बघतही असेल. ही पोरगी नेमकी कुठे पडते ते लोकांना बघायचं असावं. दोन स्थळं मी नुसती रिक्षातून आली म्हणून नाकारली होती. नवरदेव घोड्यावरूनच यायला हवा, असा माझा हट्ट होता. वडिलांनी कुठूनशी घोडी ठरवली. मे महिन्यातली दुपार, आणि मी मैत्रिणींबरोबर गच्चीवर उभी. खाली वरात येत होती आणि घोडी अशी मान वरखाली करत डौलात येत होती, की मी मैत्रिणींना म्हटलं, "बघा, घोडीसुद्धा मला मुजरा करतेय." हे वाक्य मी नंतर पन्नास वर्षं सगळ्यांना सांगितलं. सुनांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. त्या दिवशी नानांनाही सांगितलं.

नानांनी विचारलं, "मान कवय वर जात व्हती? कोनता पाय टेकाडला की?"

मला काय ठाऊक. मी अल्बम आणला. नानांनी चष्मा लावला. काळापांढरा फोटो, घोडीवर आमचे हे, मुंडावळ्यांतून जेमतेम नाक दिसतंय. नाना बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "नवरदेव कसा आहे ते तरी सांगा."

"नवरदेव बरा शे. घोडी आजारी शे," नाना म्हणाले. "पुढला डावा. देख, टाप उचलीसन उभी शे. दुखरा पाय टेकाडला का मान वर जास. मुजरा नही अक्का, लंगडी ऱ्हायनी ती."

आमचे हे पेपरामागून हसले. लग्नानंतर इतकं मनापासून हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. "मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले, "माझ्या खाली काहीतरी डुगडुगतंय म्हणून."

तर पन्नास वर्षांचा माझा मुजरा असा गेला. नाना मात्र फोटोतल्या घोडीसाठी हळहळत घरी गेले.

लाडीला बाहेरचं काही खायला द्यायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. मुलांनी गुळाचा खडा पुढे केला तरी ते मधे हात घालत. भाजीवाली केळी घेऊन आली तर केळी स्वतः खाऊन टाकत, पण घोडीला देत नसत. "घोडानं पोट म्हणजे काचनी बरणी शे," म्हणायचे. त्यामुळे लोक हळूहळू तिकडे जाईनासे झाले. कोपऱ्यावरचं घर, एक तिरसट म्हातारा, त्याची तिरसट घोडी. येता-जाता पाय लपवत माणसं पुढे सटकायची. मीच काय ती अधूनमधून जाई, तीही गुडघा आवळून.

आणि मग पोळा आला.

आमच्या कॉलनीत बैल कुठला? मातीचे बैल पाटावर मांडायचे, पूजा करायची, आणि आमची ती खापरावरची पुरणपोळी करायची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, पालथ्या खापरावर भाजलेली ही पोळी उपरण्याएवढी मोठी असते, आणि एक खाल्ली की माणूस दुसऱ्या दिवशीच हिशेबात येतो. त्या दिवशी शोभाच्या डोक्यात आलं, मातीच्या बैलाला काय ओवाळायचं, आपल्याकडे जितं जनावर आहे की. बाया तयारच होत्या. ताटं सजली, निरांजनं लागली, झेंडूची माळ आली, आणि सगळी कॉलनी नवी लुगडी, नवे ड्रेस घालून नानांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, आता नाना काठी घेऊन येणार. नाना बाहेर आले, गर्दीकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडांकडे. एकेका तोंडाकडे. मग आत गेले आणि धुतलेली टोपी घालून बाहेर आले.

पुढचं मी विसरणार नाही. नाना लाडीची दोरी धरून नवरीच्या बापासारखे उभे, आणि ओळीने बाया ओवाळताहेत, कुंकू लावताहेत, पोळी भरवताहेत. "हाई वानखेडेमॅडमनी, खाय बेटा. हाई शोभानी." लाडीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की जगात पुरण नावाची वस्तू आहे. ती मान पुढे करकरून मागत होती. कोणी गव्हाची परात ठेवली, कोणी भिजवलेले हरभरे. मीही माझी पोळी दिली. नानांना लोकांनी खुर्चीवर बसवलं, हातात ताट दिलं, आणि सगळ्यांत मिसळून नाना जेवले. धुळ्याकडची गाणी म्हटली. आवाज वाईट होता.

दोन दिवसांनी सकाळी मी तांदूळ घेऊन गॅलरीत बसले आणि टापा वाजल्याच नाहीत. थोडी वाट पाहिली. मग खाली उतरले.

लाडी पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती, निसरड्यावर उभं राहावं तशी. घामाने भिजलेली. नाना तिच्या पुढ्यात जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी एक खूर धरून होते.

"हात लाव अक्का."

मी लावला. तव्याला हात लावला असं वाटलं.

जनावरांच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. तरुण मुलगी, स्कूटरवरून आली, ओढणी कमरेला खोचून तिने लाडीचे चारही पाय तपासले, इंजेक्शनं दिली. म्हणाली, एकदम इतकं गोड आणि इतकं धान्य पोटात गेलं की घोड्याच्या खुरांच्या आत सूज येते. खूर कडक, सूज आत कोंडलेली, म्हणून जीवघेणी कळ. सूज उतरली नाही तर आतलं हाड जागचं सरकतं. "आणि सरकलं तर?" मी विचारलं. ती लाडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "मग ती पुन्हा उभी राहणार नाही, आजी."

धान्य पूर्ण बंद. नुसतं वाळलेलं गवत. खूर बर्फाच्या पाण्यात आणि पायाखाली जाड वाळू. हे सगळं सांगून झाल्यावर तिने नानांकडे पाहिलं. "नाना, तुम्हाला तर हे माहीत होतं. तुम्ही देऊ कसं दिलंत?"

नानांनी पोतं उचलून लाडीच्या पाठीवर टाकलं, आणि उगाचच सरळ करत राहिले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळी कॉलनी गोळा झाली आणि पहिला तास, जनावर कळवळत असताना, कोणाची पोळी किती मोठी होती यावरच भांडण जुंपलं.

"माझी तर पातळ होती," शोभा म्हणाली.

"पातळ? तुझ्या पोळीत पुरण बाहेर येत होतं."

"पुरण असेल, पण गूळ कमी. तुमच्याकडे गूळ हात सोडून घालतात."

"आमच्या गुळाने आजवर कोणी लंगडलं नाही."

वानखेडे सर तेवढे न बोलता घरी गेले आणि वरच्या मजल्याच्या बांधकामासाठी आणलेली वाळू घमेल्याने आणू लागले. जीपमधून गेलेली वरात ते विसरले असावेत. मग बाकीचेही हलले. लस्सीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आल्या. शोभाने नातवाला अंघोळ घालायचे प्लास्टिकचे टब आणले, एकावर बदकं, एकावर ससे. लाडीने एक पाय बदकांत आणि एक सशांत ठेवला, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतला ताण जरा सैल झाला.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नानांचं घर हे कॉलनीचं मंगल कार्यालय झालं. बर्फाच्या पाळ्या लागल्या, भिशीच्या लागतात तशा. सकाळी या गल्लीच्या बाया, संध्याकाळी त्या गल्लीच्या. नानांना स्वयंपाकाला सवड नाही म्हणून डबे येऊ लागले, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी. खुर्च्या आल्या. नानांनी सगळ्यांना खुराच्या वरची नाडी बोटाने धरायला शिकवली, आणि संध्याकाळी एकेक बाई वाकून नाडी बघे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणे, "आज जरा मंद वाटते." ज्या वानखेडेमॅडम झुरळाला भिऊन स्टुलावर चढतात, त्या मांडीवर खूर घेऊन बसल्या. माणसं आपापले पायही दाखवू लागली. शोभाच्या नवऱ्याने पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर करून नानांसमोर चालून दाखवलं. नानांनी त्याला बसायला सांगितलं.

पण नाना कृश झाले. लाडी आडवी झाली की ते तिच्या डोक्याशी बसत, कानात काहीतरी बोलत. एकदा मी ऐकलं. "चाल मन्ही माय. मी एकला काय करू?" मी पुढे न जाता गवताची पेंढी दारातच ठेवून आले.

मग एक दिवस लाडीने बदकांच्या टबातून आपणहून पाय काढला आणि वाळूवर टेकवला. भार देऊन. पुढच्या काही दिवसांत ती शेडमध्ये फिरू लागली. गवतावर तोंड टाकू लागली, शोभाला चावली. सगळ्यांना बरं वाटलं. नाना मात्र रोज खूर चाचपून मान हलवत. "अजून गरम शे. बर्फ लागी." आणि पाळ्या चालूच राहिल्या. नवरात्र उलटून गेलं तरी चालूच.

एकदा भाजीबाजारात डॉक्टर मॅडम भेटल्या. मी म्हटलं, "बाई, लाडीच्या पायातली उष्णता काही जात नाही हो." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आजी, लाडी अगदी ठणठणीत आहे. एक्स-रे काढून पाहिला, हाड जागेवर आहे. नानांना मागेच सांगितलंय, बर्फ बंद करा, रोज हळूहळू चालवा. त्यांनी सांगितलं नाही?"

मी मेथीची जुडी तिथेच विसरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, कच्च्या रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. नाना लाडीला दोरीने चालवत परत येत होते. मी बाभळीमागे उभी राहिले, हेरगिरी करणाऱ्या बाईला शोभेल इतपत वाकून. लाडी एका लयीत चालत होती. मान स्थिर. मुजरा नाही की काही नाही. नानांनी कॉलनी दिसू लागताच इकडेतिकडे बघितलं आणि तिला मागच्या वाटेने शेडमध्ये नेलं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा नाना फडक्याने खुर्च्या पुसत होते. एकेक खुर्ची, पाठ, हात, पाय. टबात बर्फ पडला होता. चुलीवर मोठं पातेलं चहाचं चढलं होतं. बाया आल्या, वानखेडे सर आले. लाडी बिचारी सवयीने टबात पाय घालून उभी राहिली.

शोभाला लेकीकडे नाशिकला जायचं होतं. ती म्हणाली, "नाना, अजून किती दिवस हो बर्फ? आता तर छान चालते ती. थांबवायचं का?"

सगळे नानांकडे बघू लागले. नाना फडकं पिळत होते. त्यात पाणी नव्हतं, तरी पिळत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्काले इचारा. तिले आते समजस."

मी उठले. खाली वाकायला मला वेळ लागतो, तेवढा लागला. टबातून लाडीचा खूर उचलून वाळूवर घेतला, फडक्याने कोरडा केला, आणि हाताची मागची बाजू लावून थांबले. मग वरची नाडी धरली. घाई केली नाही. दुसराही पाय पाहिला. दोन्ही खूर माठासारखे गार होते, आणि नाडी इतकी मंद की शोधावी लागली.

"बर्फ आता बंद केला तरी चालेल," मी म्हटलं. फडकं पिळणारे हात थांबले. "पण खूर अजून नाजूक आहेत. रोज संध्याकाळी चार माणसांनी येऊन हात लावून बघितलं पाहिजे. निदान दिवाळीपर्यंत. पुढचं पुढे बघू."

"मग माझी पाळी मंगळवारचीच ठेवा," शोभा म्हणाली. "नाशिकहून सोमवारी येतेच मी."

वानखेडे सरांनी गुरुवार घेतला. मॅडमनी शनिवार. नानांनी टबातला बर्फाचा एक तुकडा उचलला, लाडीच्या तोंडापुढे धरला, आणि तिने तो कडाकडा चावून संपवेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.